‘म्हणून’चा पट्टा

माझ्या मावशीचा कुणाच्याही बोलण्यावर विश्वास नाही. हा तिचा स्वभाव नाही, धंदा आहे. ती कपडे शिवायच्या कारखान्यात मशीन दुरुस्त करते. दोन मजले, एकशे चाळीस मशीनं, आणि मशीन बंद पडलं की त्यावर बसणारी प्रत्येक बाई एकच वाक्य म्हणते, “मी काहीच केलं नाही, आपोआप बंद पडलं.” अकरा वर्षं रोज आठ तास हे वाक्य ऐकलं की माणूस एक तर साधू होतो, नाहीतर माझी मावशी होतो.

तिची पद्धत ठरलेली आहे. मशीनवालीचं सगळं ऐकून घ्यायचं, मान डोलवायची, आणि तिने जे ठीक आहे म्हणून सांगितलं तेच आधी उघडायचं. दोरा बरोबर ओवलाय म्हणाली, की आधी दोरा. सुई कालच बदललीय म्हणाली, की आधी सुई. दहातल्या आठ वेळा रोग तिथेच सापडतो. घरीही हेच. काकांनी सांगितलं की नळ बंद केलाय, की ही उठून नळ बघून येते. काका शाळेची बस चालवतात आणि मुळातच कमी बोलतात. त्यांच्या वाट्याचं दिवसभर हॉर्नच बोलून टाकतो. ते म्हणतात, “लग्नाला वीस वर्षं झाली. अजून माझं नाव तेवढं तिने तपासलेलं नाही.”

अशी ही बाई तर्काच्या पेपरात दोनदा नापास झाली होती.

पेपर कारखान्याचाच. मशीन-दुरुस्तीचा सुपरवायझर व्हायचं तर तीन पेपर द्यावे लागतात: यंत्र, सुरक्षा आणि तर्क. पहिल्या दोन पेपरांत मावशीला इतके मार्क पडत की तपासणाऱ्याने दोनदा बेरीज करून पाहिली म्हणतात. तर्काला पंचवीसपैकी पंधरा लागत. पहिल्या वर्षी तिला अकरा मिळाले, दुसऱ्या वर्षी नऊ. परीक्षा तीनदाच देता येते. जुना सुपरवायझर दोन महिन्यांनी निवृत्त होणार होता. त्याला सगळे भोंगा म्हणत, कारण त्याचा आवाज सुट्टीच्या भोंग्यापेक्षा लांब जाई. मावशी या वेळी पास झाली तर त्याच्या जागी ती. नाहीतर बाहेरून कुणी पदवीवाला येणार आणि मावशी निवृत्त होईपर्यंत त्याच्या हाताखाली पाने-पक्कड देत बसणार.

पण मावशीला खुर्ची नको होती. तिला लाल पाटी हवी होती.

लाल पाटी म्हणजे तळहाताएवढा पत्रा, वर भोक, भोकात तार. ती मशीनला अडकवली की ते मशीन बंद. साहेब आले तरी चालवायचं नाही. ती अडकवायचा हक्क फक्त सुपरवायझरला. दोन वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावरच्या एका मशीनचं सुईसमोरचं गार्ड ढिलं झालं होतं. मावशीने भोंग्याला सांगितलं, मशीन थांबवा. भोंगा म्हणाला, “चालतंय ना? मग ठीक आहे. आजचा माल जाऊ दे, उद्या बघू.” दुपारी त्या मशीनवरच्या मुलीच्या तर्जनीतून सुई आरपार गेली. नखातून शिरली आणि खाली तुटली. मावशीने स्वतः चाक हाताने उलटं फिरवून बोट सोडवलं. मुलगी तीन आठवड्यांनी कामावर परत आली. मावशीच्या डोक्यातून मात्र ते ‘मग ठीक आहे’ काही गेलं नाही. त्याच आठवड्यात तिने परीक्षेचा अर्ज भरला. आता तिसरा अर्ज भरताना कारकून म्हणाला, “शेवटचा हं, बाई.” मावशी म्हणाली, “मला मोजता येतं. तर्क येत नाही.”

यात मी कुठून आलो? माझ्या आईमुळे. मावशी आमच्या घरी येऊन हे सांगत असताना आई पालेभाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “तुझा भाचा चार वर्षं कसल्या कसल्या परीक्षा देतोय. अजून कुठे चिकटला नाही. निदान तुला तरी शिकवेल.”

“येतो का त्याला तर्क?” मावशीने विचारलं. मी समोरच बसलो होतो. तरी तिने आईला विचारलं, आणि मग स्वतःच म्हणाली, “बघू तपासून.”

तेव्हापासून मी मास्तर झालो.

वर्ग भरायचा काकांच्या बसमध्ये. मावशीच्या घरात जागा दीड खोलीची आणि शेजारचा टीव्ही भिंतीतून थेट आपल्या घरात बोलतो. बस मात्र गल्लीच्या टोकाला संध्याकाळी रिकामी उभी असते. कारखाना सुटला की साडेपाचला मावशी हात धुऊन यायची आणि दहा वर्षांच्या पोरांसाठी केलेल्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसायची. पुढच्या बाकाच्या पाठीवर कुणीतरी पट्टीच्या टोकाने ‘गणित मुर्दाबाद’ कोरलं होतं. बाहेर काका पाइपने बस धूत असायचे आणि खिडकीखालून जाता जाता आमचा वर्गही धुऊन काढायचे.

पहिल्या दिवशी मी पुस्तक उघडलं. “मावशी, सोपा प्रश्न. एका दुकानाने बंद करायची वेळ एक तास पुढे नेली. त्यानंतर गिऱ्हाईक वाढलं. म्हणून, वेळ वाढवल्यामुळेच गिऱ्हाईक वाढलं. यात काय गृहीत धरलंय? चार पर्याय आहेत.”

“गिऱ्हाईक वाढलं हे कोणी सांगितलं?”

“पुस्तकाने.”

“पुस्तक गल्ल्यावर बसलं होतं?”

“मावशी, ते मानायचं असतं.”

“दुकानदाराने सांगितलं असणार. दुकानदार वाढलंय असंच सांगतो. त्याने मोजलं का? आधी किती होतं? मोजणारा तोच होता का?”

अर्ध्या तासाने आम्ही दुकानदाराच्या चारित्र्यापर्यंत पोहोचलो होतो आणि पर्याय ‘अ’सुद्धा वाचून झाला नव्हता. माझ्या लक्षात आलं, दोन वर्षं ही बाई नापास का होत होती. मी विचारलं, “परीक्षेत काय केलंस अशा प्रश्नांना?”

“कोरे सोडले. खात्री नाही तिथे हात घालायचा नाही. मशीनमध्ये बोट जातं.”

पंचवीसपैकी दहा प्रश्न तिने कोरे सोडले होते.

मी लहान गावातल्या शाळेत शिकलो. तिथे पुस्तकात छापलंय म्हणजे खरं, आणि गुरुजींनी फळ्यावर लिहिलंय म्हणजे पुस्तकाहून खरं. एकदा गुरुजींनी नकाशात नदी डोंगरावर चढवली होती, तर आम्ही सगळ्यांनी वहीत चढवली आणि सगळ्यांना बरोबरची खूण मिळाली. त्यामुळे मावशीचा रोग मला ताबडतोब कळला आणि औषधही माझ्याकडे तयार होतं. मी म्हणालो, “हे बघ, परीक्षेत विधान दिलं की ते खरं. शंका घ्यायची नाही. अजिबात नाही. गिऱ्हाईक वाढलं म्हणाले, तर वाढलं. हत्ती उडाला म्हणाले, तर उडाला.”

अकरा वर्षांची कमाई टाकून दे, असं मी सांगत होतो. तरी मावशीने पिशवीतून वही काढली आणि पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: शंका नाही.

मावशीने एकदा ठरवलं की ठरवलं. आठ दिवस तिने काहीही तपासलं नाही. काकांनी नळ बंद केला म्हटलं, तर उठली नाही. बसल्या जागी नुसता पदर पिळत राहिली. काका मला बाजूला घेऊन म्हणाले, “तिला बरं नाही का?” रोज पहाटे पाचला उठून एक पान प्रश्न, कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत एक पान, संध्याकाळी बसमध्ये दोन. आठव्या दिवशी मी घड्याळ लावून तिची पंचवीस प्रश्नांची परीक्षा घेतली. एकही प्रश्न तिने कोरा सोडला नाही.

सात मार्क पडले.

नापास व्हायचीही एक पायरी असते. आम्ही तिच्याही खाली उतरलो होतो. बाहेर पाइप बंद झाला. काकांनी खिडकीतून डोकं घातलं, कागद पाहिला आणि डोकं काढून घेतलं.

“मास्तर,” मावशी म्हणाली, “सगळंच खरं वाटतंय रे. विधान खरं, निष्कर्ष खरा, चारही पर्याय खरे. अडलेलं काही दिसतच नाही. आणि अडलेलं दिसलं नाही तर मी दुरुस्त काय करू?”

मी म्हणालो, “सराव वाढवू.” उत्तर नसलं की मास्तर लोक हेच म्हणतात, मला आजवर पाच जणांनी सांगितलंय.

परीक्षेला तेरा दिवस उरले होते. रविवार होता, दुपारची वेळ. मी पुस्तक घेऊन मावशीकडे गेलो तेव्हा ती तिच्या जुन्या पायाच्या मशीनवर काकांच्या गणवेशाची पँट आत घेत होती, कारण काका वाळत चालले होते आणि पँट तशीच होती. तोंडात चार टाचण्या. त्यामुळे मी बोलायचं आणि तिने हुंकार भरायचा.

मी वाचायला लागलो. “एक माणूस रोज सकाळी तासभर चालतो. म्हणून त्याची तब्येत चांगली राहील. यात...”

खाड् असा आवाज झाला आणि मशीन थांबलं. पाय चालू होते, खालचं मोठं चाक गरगर फिरत होतं, वर मात्र सुई जागच्या जागी. चामड्याचा पट्टा जोडाच्या आकड्यापाशी सुटून जमिनीवर पडला होता.

मी तो उचलून द्यायला वाकलो. मावशीने हाताने थांबवलं. टाचण्या एकेक करून तोंडातून काढल्या, उशीत खोचल्या, आणि पुन्हा पाय हलवायला लागली. बिनपट्ट्याचं मशीन ती चांगलं मिनिटभर चालवत होती.

“खालचं चाक फिरतंय?” तिने विचारलं.

“फिरतंय.”

“शंका?”

“नाही. डोळ्यांनी दिसतंय.”

तिने वरचं चाक हाताने फिरवलं. सुई खालीवर झाली. “सुईत काही बिघाड?”

“नाही.”

“मग टाका का पडत नाही?”

“मावशी, पट्टा नाही म्हणून.”

“हं.” ती म्हणाली. “परत वाच तो चालणारा माणूस.”

मी परत वाचलं.

“तो चालतो, हे तुझं खालचं चाक. मानलं, फिरतंय. तब्येत चांगली राहील, ही सुई. आणि मधे लिहिणाऱ्याने काय केलंय, नुसतं ‘म्हणून’ लिहून टाकलंय. जसा काही पट्टा लावलेलाच आहे. पट्टा त्याने दाखवलाय कुठे? चालल्याने तब्येत चांगली राहते, हा पट्टा. तो त्याच्या खिशात आहे. तेच शोधायचं ना आपण?”

मी पुस्तक मागे उलटून उत्तर पाहिलं. तेच होतं, शब्दाला शब्द.

मावशी उठून उभी राहिली. रागावली होती, आणि मला वाटतं माझ्यावरच. “आठ दिवस मला शंका घेऊ नको म्हणालास. अरे गाढवा, शंका घ्यायचीच असते. चाकावर घ्यायची नाही, एवढंच. शंका घ्यायची ती ‘म्हणून’वर.”

हे मला चार वर्षांत कुठल्या पुस्तकाने सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं आणि मी शंका न घेता पाठ केलं होतं, देव जाणे.

“पण पर्याय चार असतात,” मी म्हणालो. मास्तरकी अजून पूर्ण गेली नव्हती. “चारही खरे वाटतात म्हणालीस ना? मग त्यातला पट्टा कुठला, ते कसं ओळखणार?”

“कारखान्यात कसं ओळखते? काढून बघते. खिळ्याला चार पट्टे टांगलेत. एक काढला, सुई चालूच राहिली. म्हणजे तो शोभेचा. दुसरा काढला, सुई बंद. म्हणजे तो या मशीनचा. ते दुकान काढ बघू.”

दुकानाचं पान काढलं. पर्याय अ, दुकानदार मेहनती आहे. मावशी म्हणाली, “समजा नाही. आळशी आहे. तरी वेळ वाढवल्यामुळे गिऱ्हाईक वाढू शकतं? शकतं. शोभेचा.” पर्याय ब, त्या काळात गिऱ्हाईक वाढायला दुसरं काही कारण घडलं नाही. “समजा घडलं. समोरचं दुकान जळालं, सगळं गिऱ्हाईक इकडे आलं. मग वेळेमुळेच वाढलं म्हणता येईल? नाही. सुई थांबली. हा पट्टा.” क आणि ड तिने वाचलेसुद्धा, कारण ती मावशी आहे, दोन्ही शोभेचे निघाले.

मग तिने सुटलेला पट्टा उचलला, आकडा पक्कडीने दाबला, चाकावर चढवला आणि बसता बसता म्हणाली, “मास्तर, आता एक माझा प्रश्न. माझा भाचा चार वर्षं परीक्षा देतोय. म्हणून तो मला शिकवू शकेल. पट्टा सांग.”

मी सांगितलं. सांगावाच लागला. “जो परीक्षा देतो, त्याला शिकवता येतं.”

“काढून बघ.”

काका दारात आपल्या पँटची वाट बघत लुंगीवर उभे होते. ते म्हणाले, “मग हा शोभेचा म्हणायचा.”

त्यानंतर वर्ग उलटा झाला. बसमध्ये मी वाचायचो आणि मावशी पट्टे काढायची. पुठ्ठ्यावरचं ‘शंका नाही’ तिने खोडलं नाही. त्याच्यापुढे ‘चाकावर’ एवढं लिहिलं. मार्क चौदा झाले, मग सोळा, मग पुन्हा तेरा. तेरा पडले त्या दिवशी ती घरी गेली नाही. चुकलेले बाराही प्रश्न एकेक करून परत उघडले. “कुठे घसरलं ते कळल्याशिवाय मशीन बंद करायचं नाही,” म्हणाली. सात ठिकाणी ती घाईत चाकावरच शंका घेत बसली होती. जुनी खोड. चार ठिकाणी खरा वाटणारा पर्याय काढून न बघताच घेतला होता. एका ठिकाणी पुस्तकाच्या मागचं उत्तर चुकीचं होतं. हे मी मान्य करायला वीस मिनिटं घेतली, कारण ते छापलेलं होतं. तिने मला त्याचा पट्टा तीनदा काढून दाखवला, तेव्हा कुठे मी पेनाने उत्तर दुरुस्त केलं. छापलेल्या उत्तरावर पेन चालवायची माझी ती पहिलीच वेळ, हे कबूल करतो.

परीक्षा कारखान्याच्या जेवणघरात झाली. लांब टेबलं, एका टेबलावर एकच माणूस, भिंतीवर ‘उष्टं इथे टाकू नये’. नऊ जण बसले होते. मावशीने मला नंतर सगळं सांगितलं, आणि मावशीने सांगितलं म्हणजे ते तपासलेलं असतं.

सोळाव्या प्रश्नापर्यंत ठीक चाललं होतं. सतरावा असा होता: एका कारखान्यात जास्त उजेडाचे दिवे लावले. पुढच्या महिन्यात सुया तुटायचं प्रमाण निम्म्यावर आलं. म्हणून, जास्त उजेडामुळे सुया कमी तुटतात. यात काय गृहीत धरलं आहे?

आता बघा. पोहणाऱ्याला पाण्यावर प्रश्न विचारावा तसं हे झालं. सुया का तुटतात यावर मावशी तासभर बोलू शकते आणि लग्नकार्यात बोललेलीही आहे. सुई वाकडी बसवली, सुईचा नंबर कापडाला जाड पडला, कापड मागून ओढलं, हूक पुढेमागे सरकला. तिचा हात कपाळावर गेला. निम्म्यावर आलं हे मोजलं कोणी? तुटलेल्या सुया जमा करणाऱ्या बाया निम्म्या सुया केरात टाकतात, तिला माहीत आहे. तिची पेन्सिल पेपरच्या कडेला ‘मोजलं कोणी’ लिहायलाही लागली होती. घड्याळ चाललं होतं. आठ प्रश्न बाकी, वेळ अकरा मिनिटं. कोरा सोडून पुढे जावं, असं तिला वाटलं. कोरा सोडणं तिच्या हाताला सवयीचं होतं.

मग तिने पेन्सिल खाली ठेवली आणि टेबलाखाली पाय हलवायला सुरुवात केली, मशीनवर हलवतात तसा. शेजारच्या टेबलावरच्याने वळून पाहिलं. चाक फिरतंय, तिने स्वतःला सांगितलं. निम्म्यावर आलं, मानलं. सुई म्हणजे ‘उजेडामुळे’ हा निष्कर्ष. आता पट्टा.

पर्याय अ, कामगारांना जास्त उजेड आवडतो. नसेल आवडत, शोभेचा. पर्याय ब, नव्या दिव्यांना वीज कमी लागते. शोभेचा. पर्याय क, त्या महिन्यात आधीपेक्षा मऊ कापड शिवायला आलं नव्हतं. समजा आलं होतं. मऊ कापडावर सुया तुटतच नाहीत, दिवे असोत की अंधार. सुई थांबली. ड तिने वाचला, काढून पाहिला, आणि क चं वर्तुळ काळं केलं. ज्या शंकांमुळे ती दोनदा नापास झाली होती, त्यांतलीच एक शंका तिथे छापून उत्तर म्हणून बसली होती.

उरलेल्या आठांपैकी एकही तिने कोरा सोडला नाही. शेवटचं वर्तुळ भरताना भोंगा ओरडला, माणूस नव्हे, खरा भोंगा.

निकालाला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत कारखान्यातल्या अर्ध्या बायांनी तिला पास करून टाकलं होतं. “ताई, तुम्ही हसत बाहेर आलात, म्हणून पास.” मावशी म्हणायची, “पट्टा?” आणि बाया एकमेकींकडे बघायच्या. आई रोज मला विचारायची, “तुला काय वाटतं?” मी काही वाटून घेत नव्हतो. मला मागच्या चारही वर्षी वाटलं होतं.

अकराव्या दिवशी सकाळी मावशी खालच्या मजल्यावर एका टेबलाखाली आडवी होती. मोटरचा आवाज येत होता आणि तिला तो का येतो ते हवं होतं. जिच्या बोटातून सुई गेली होती ती मुलगी जिना उतरून पळत आली आणि टेबलाशी वाकून म्हणाली, “ताई, तुम्ही पास झालात. फळ्यावर लावलंय. तर्काला सतरा.”

टेबलाखालून फक्त पान्याचा आवाज आला.

“ताई, ऐकलंत का? सतरा.”

“ऐकलं. ती बॅटरी धर इकडे.”

मोटरचं काम व्हायला पाव तास लागला. मावशी बाहेर आली, चिंधीला हात पुसले, मशीन एकदा चालवून पाहिलं, मशीनवालीला बसवलं आणि मग फाटकाजवळच्या फळ्याकडे चालत गेली. मागे पाच-सहा बाया, हातात कापडाचे तुकडे तसेच धरून. तिने चष्मा काढून पुसला, परत लावला. बोट यादीवरून खाली सरकवत आपल्या नंबरापाशी आणलं. यंत्र, सुरक्षा, तर्क. आडवं बोट फिरवून पाहिलं, की दुसऱ्याची ओळ तर आपण वाचत नाही. मग खिशातून प्रवेशपत्र काढून नंबर ताडून पाहिला. मग म्हणाली, “हो. आहे.”

पत्र सहा दिवसांनी आलं. तोवर भोंग्याने स्वतःहून कपाटाची किल्ली तिला द्यायचा प्रयत्न केला, तिने घेतली नाही. “पत्र येऊ दे.” सोमवारी सकाळी पत्र हातात आलं, तिने सही केली, कपाट उघडलं. तळाशी लाल पाट्या होत्या, बारा. तारा गंजल्या होत्या. किती वर्षांत बाहेर निघाल्या नव्हत्या कोण जाणे. त्यातली एक काढून ती सरळ वरच्या मजल्यावर गेली. तिथे खिडकीशेजारच्या मशीनच्या गार्डच्या स्क्रूचे आटे गेले होते. हे तिने आधीच्या आठवड्यात तीनदा सांगितलं होतं. तीनदा ‘उद्या बघू’ झालं होतं.

तिने स्विच बंद केला आणि तार अडकवायला घेतली. साहेब फेरीवर होते, ते थांबले.

“काय झालं, बाई? चालतंय की मशीन. आत्ता मी चालताना पाहिलं.”

“चालतंय, साहेब,” मावशी म्हणाली. “ते मी मानते.”

“मग ठीक आहे ना?”

“‘चालतंय’ खरं. ‘म्हणून ठीक आहे’ हे कुठून आलं? जे चालतं ते धोक्याचं नसतं, असं असेल तर ठीक आहे. दोन वर्षांपूर्वीचं ते मशीनही चालत होतं.” तिने मागे वळून पाहिलं नाही, पण साहेबांनी पाहिलं. दोन मशीनं सोडून ती मुलगी बसली होती आणि तर्जनी बाजूला ठेवून मधल्या बोटाने कापड सरकवत होती.

साहेबांनी वाकून गार्डला बोट लावलं. गार्ड दाराच्या कडीसारखं हललं. ते सरळ झाले.

“किती वेळ जाईल?”

“नवे आटे पाडावे लागतील. दोन तास.”

“माल आज जायचाय.”

“दोन तासांनी जाईल.”

साहेब पुढे गेले. मावशीने तार पिळून पाटी घट्ट केली, ओढून बघितली, पुन्हा पिळली. मशीनवरची बाई आपली खुर्ची मागे सरकवून उभी होती, हात पाठीमागे बांधून, शाळेत उभं केल्यासारखी.

“काय केलं होतंस गं याला?” मावशीने पेटी उघडता उघडता विचारलं.

“मी काहीच केलं नाही, ताई. आपोआप ढिलं झालं.”

मावशीने मान डोलावली, सगळं ऐकून घेतलं, आणि आधी तिच्या खुर्चीखाली पडलेला स्क्रू-ड्रायव्हर उचलला.